वाळूतलं गोडं पाणी

चिंचणीच्या समुद्राकडच्या आळीत चंद्रकांता राहायची. अंगानं किरकोळ, रंगानं सावळी, आणि स्वभावानं अशी की बोलता बोलता मध्येच कुठेतरी हरवायची. डोळे समोरच्या माणसावर असायचे, पण कान भलतीकडेच लागलेले. माहेर तिचं उमरोळीचं. घरामागून रूळ जायचे. लहानपणी गाडी गेली की तिचा आवाज पार विरेपर्यंत ती हातातलं काम तसंच धरून उभी राहायची. "पोरगी हितं हाय, पन जीव गेला गाडीसंगं बलसाडला," असं तिची आई म्हणायची आणि चुलीवर करपलेलं कालवण स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची.

सून होऊन ती चिंचणीला आली, तेव्हा नवऱ्यानं, दिनानाथनं, हा स्वभाव हसण्यावारी नेला. घर वाडीतच होतं. नारळी-पोफळींच्या रांगा, मध्ये केळी, पानवेलींचे मांडव, आणि सगळ्यांच्या मधोमध विहीर. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, रहाटाची मडकी भरून वर यायची आणि पाटात रिती व्हायची. दुपारी कामं उरकली की चंद्रकांता तान्ह्या शैलाला मांडीवर घेऊन तिथे बसायची. रहाटाच्या कुरकुरीवर मायलेकींना एकदमच पेंग यायची. पाटाचं पाणी एकेका झाडाशी वळत पुढे जायचं, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला वाटायचं, हे असंच चालणार. कुणी फिरवतंय, कुणी भरतंय, आपण नुसतं बसायचं.

एका पावसाळ्याच्या अखेरीस दिनानाथला ताप आला. पालघरला नेलं, तिथेही काही उतार पडला नाही, आणि तो गेला. शैला नुकती कुठे 'बाबा' म्हणायला लागली होती.

दिनानाथचा थोरला भाऊ बळवंत. माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता, असं चंद्रकांता पुढे जन्मभर सांगायची. ते एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे दिवस. तारापूरला वीज केंद्र उभं राहिलं होतं, बोईसरला कारखान्यांसाठी जमिनी चालल्या होत्या, आणि रोज कुणीतरी नवा माणूस भाव विचारत आळीत फिरायचा. विधवा भावजय उद्या आपला हिस्सा उमरोळीच्या भावांच्या हाती देईल आणि वाडीचे तुकडे होतील, ही धास्ती बळवंतच्या डोक्यात शिरली ती निघेना. ती माहेरी जाईल म्हणून त्यानं वाट पाहिली. ती गेली नाही, तेव्हा त्यानं गावातली चार माणसं बसवून वाटणी करून घेतली. चंद्रकांताच्या वाट्याला आली सुरूच्या झाडांपलीकडची पट्टी. वाडीची काळी माती जिथे संपते आणि वाळू सुरू होते, तिथली. केवड्याचं बन, थोडं रानगवत, पुढे समुद्र. "विहिरीचं पानी दोघांचं," एवढं मात्र त्या चौघांनी तोंडी सांगितलं.

तिनं झावळ्यांची झोपडी घातली. वाळूत शेणखत कालवून वांगी लावली, मोगऱ्याच्या काड्या रोवल्या आणि विहिरीचं पाणी वाहून त्या जगवल्या. थंडी सरली. मग एका सकाळी ती कळशी घेऊन विहिरीवर गेली, तर विहिरीभोवती काट्यांचं कुंपण, आणि वाटेत बळवंत.

"पानी कमी झालंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"भावजी, दोघांचं ठरलंय ना."

"ठरलं तवा पानी होतं."

"माजी रोपं मरतील."

"वाळूत रोपं लावायला कुनी सांगितलेलं? उमरोळीला जा. भाऊ हायेत तुला."

पडवीत बळवंतची बायको दमयंती उभी होती. तिनं चंद्रकांताकडे पाहिलं, तिचे ओठ हलले, आणि ती आत निघून गेली.

चंद्रकांताला भांडता यायचं नाही. ऐन वेळी शब्दच सापडायचे नाहीत. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती सुरूच्या झाडांमधून सरळ समुद्रावर गेली. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं, वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नव्हतं. दांडी गावच्या कोळ्यांच्या होड्या लांब धुरकट उजेडात टांगल्यासारख्या दिसत होत्या. तिथे तिला शब्द सापडले.

"नवरा नेलास, मी काय बोलले नाय," ती देवाला म्हणाली. "घर गेलं, तरी बोलले नाय. आता पानीपन? एवढं पानी माज्यापुढं पसरून ठेवलंस आनि त्यातलं प्यायला थेंब नाय. थट्टा करतोस माजी?"

लाट आली, पायाशी फेस ठेवून गेली. ती बराच वेळ उत्तराची वाट बघत बसली. शेवटी झोपडीतून शैलाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा उठली. पण त्या दिवसापासून तिला तो नादच लागला. माणसांशी गप्प राहायचं आणि समुद्रावर जाऊन देवाशी भांडायचं.

बळवंतच्या वाडीत भागी आणि बुधा ही वारली जमातीची नवरा-बायको कामाला होती. डोंगराकडच्या पाड्यावर त्यांचा पावसावर पिकणारा जमिनीचा तुकडा होता. भात झोडपून झालं की ती दोघं खाली उतरायची आणि पाऊस तोंडावर आला की परत चढायची. भागी रोज पहाटे स्वतःची कळशी भरताना एक जास्तीची भरायची आणि कुंपणावरून चंद्रकांताच्या हातात द्यायची. एकदा बळवंतनं ते पाहिलं. त्याच दिवशी दोघं बोचकं डोक्यावर घेऊन चंद्रकांताच्या झोपडीसमोर येऊन उभी राहिली.

"बाय, आमाला काढला," भागी म्हणाली.

"माज्यामुळं गं."

"तुज्यामुळं नाय. पान्यामुळं. आता पानी तरी काढू."

बुधानं वाळूकडे पाहिलं आणि मान हलवली. "दर्या हा असा समोर. हितं खारंच लागंल."

"मंग कशाला खनायचं?" चंद्रकांतानं विचारलं.

"दुसरं काय हाय तुज्याकडं?" भागी म्हणाली.

ते मात्र खरं होतं. झोपडीच्या मागे त्यांनी खणायला घेतलं. जेवढी वाळू उपसावी तेवढी कडेनं परत घसरायची. आळीतली माणसं संध्याकाळी फिरत यायची, बघायची, हसायची. आणि एका दुपारी सगळी कड एकदम बसली. बुधा कमरेपर्यंत गाडला गेला. दोघी बायकांनी नखं फुटेस्तोवर हातांनी वाळू उकरून त्याला बाहेर ओढला. त्याचा पाय सुजला, पण माणूस वाचला.

"नको आता," चंद्रकांता म्हणाली. "पान्यापायी मानूस जायचा. तुमी घरी जा. मी पन जाते उमरोळीला."

शैला भागीपाशी होती. चंद्रकांता निघाली समुद्राकडे, आपण हरलो हे देवाला सांगायला. पण ऊन डोक्यावर होतं, पाय उचलत नव्हते. केवड्याच्या बनापाशी थोडी सावली होती, तिथे ती टेकली. केवडा अवेळीच फुलला होता. त्या जड, गोड वासात समुद्राचा आवाज लांब लांब जात राहिला, आणि तिला झोप लागली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जागी झाली ती गालाला गार लागलं म्हणून. गालाखालची वाळू ओलसर होती. तिनं हात खुपसला. केवड्याच्या मुळ्यांनी वाळू अशी घट्ट धरून ठेवली होती की खळगा केला तरी कड ढासळत नव्हती.

तिनं भागीला हाक मारली. "हितं खनू."

"हितंच का?"

"म्हाईत नाय. हितं झोप लागली मला."

भागी इतकी हसली की लंगडत आलेला बुधाही हसायला लागला. पण खणलं त्यांनी तिथेच. मुळ्या सांभाळत, कडेला ताडाचे ओंडके लावत, किनाऱ्यावरचे दगड रचत, हळूहळू. आणि फार खोल जायच्या आधीच तळ पाझरायला लागला. दुधाळ पाणी गोळा होत होतं. बुधानं करवंटी भरून वर दिली. भागीनं त्यातलं थोडं जमिनीवर ओतलं, "धरतरीला आधी," असं पुटपुटली, मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि करवंटी चंद्रकांताच्या हातात दिली.

पाणी गोड होतं. चंद्रकांतानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं आपण अजून केवड्याखाली झोपलोय, आणि आता कुणी उठवलं तर तोंडात मिठाची चव येईल. भरती आली तशी तिघंही धास्तावून विहिरीच्या कडेला बसली. समुद्र पार रानगवतापर्यंत चढला आणि उतरला. पुन्हा पाणी काढलं. गोडच. त्या संध्याकाळी ती समुद्रावर गेली, पण भांडायला काही नव्हतं आणि आभार कसे मानायचे ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती उभी राहून परत आली.

पुढची वर्षं कशी सरली हे तिला नीट आठवायचंही नाही. मोगऱ्यानं वाळूत जीव धरला, मागोमाग अबोली आली, तगर आली. सकाळच्या एसटीनं ती फुलांची टोपली घेऊन बोईसरला जायला लागली. तिथे कारखान्यांमागे चाळींवर चाळी उठत होत्या, आणि कुठकुठल्या मुलखातून आलेल्या बाया गजरा घेताना म्हणायच्या, "माई, कल पूजा है, थोड़ा ज्यादा लाना." भागी आणि बुधानं केवड्याच्या बाजूला आपली झोपडी बांधली. पावसात वर डोंगरावर, एरवी खाली चंद्रकांताकडे. शैला वाळूत खेळता खेळता मोठी झाली, शिकली आणि बोईसरच्या एका बालवाडीत शिकवायला लागली.

ऐंशीनंतर आळीत विजेचे खांब आले. बळवंतनं रेडा विकला, रहाट मोडला आणि विहिरीवर मोटर बसवली. एकामागून एक सगळ्या वाड्यांत मोटरी आल्या. पहाटेपासून त्यांची घरघर चालायची. चंद्रकांतानंही मोटरीसाठी जमवाजमव केली होती. पण तार न्यायची म्हणजे बळवंतच्या वाडीवरून न्यायला हवी. वायरमन आला, तर बळवंत दोन्ही हात पसरून नारळीखाली उभा राहिला.

"माज्या झाडांवरनं तार नाय जायची."

"काका, तिचे हात बघा जरा, फोडांनी भरलेत," वायरमन म्हणाला.

"नाय म्हंजे नाय."

त्या संध्याकाळी चंद्रकांता पुन्हा समुद्रावर भांडायला गेली. दोर ओढून ओढून तिचा खांदा भरून आला होता. "तू भावजींचा देव हायस का माजा?" तिनं विचारलं. "एकदा सांगून टाक. मंग मी तुला तरास देनार नाय."

समुद्र नेहमीसारखा हलत राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दोर-बादली हातात घेतली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. आधी पानवेली पिवळ्या पडल्या, मग नारळ कोवळेच गळायला लागले. मग खाडीकडच्या एका घरात कुणाला तरी चहाची चव वेगळी लागली. बघता बघता एकेक विहीर खारी झाली. लोकांनी विहिरी आणखी खोल खणल्या, तर पाणी आणखी खारं. बळवंतची विहीरही गेली. बायका हंडे घेऊन लांब लांब फिरायला लागल्या.

पंचायतीनं पालघरहून पाण्यातला जाणकार एक अधिकारी बोलावला. आळीतल्या विहिरी बघत बघत तो केवड्याच्या बनात पोचला. त्यानं पाणी चाखलं, पुन्हा चाखलं, आणि पँट वर ओढून वाळूत उकिडवा बसला.

"बाई, हे बघा," त्यानं समजावून सांगितलं. "खाली समुद्राचं पाणी आहे. पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. मोटरीनं सगळी साय ओढून घेतली, आणि खालून समुद्र वर आला. तुम्ही बादलीनं थोडं थोडं काढलंत, म्हणून तुमची साय टिकली. मोटर लावली असतीत तर हीसुद्धा विहीर गेली असती. का नाही लावलीत?"

"भावजींनी तार येऊ दिली नाय," चंद्रकांता म्हणाली.

तो हसला आणि निघून गेला. ती मात्र तिथेच बसून राहिली. बोईसरची एसटी चुकली, टोपलीतली फुलं सुकली. कुंपण घातलं म्हणून भागीचं काम गेलं, आणि भागीचं काम गेलं म्हणून वाळूत फावडं पडलं. वाळू ढासळली म्हणून केवड्याखाली टेकले. तार आली नाही म्हणून पाणी राहिलं. ती हे सगळं परत परत मनात फिरवत राहिली, स्वप्नातून उठल्यावर स्वप्न फिरवावं तसं. दिनानाथ गेला तोही याचसाठी, असं मात्र तिला कधी वाटलं नाही. पुढे कुणी तसं म्हणालं तर ती सरळ उठून जायची. त्या एका गोष्टीचं उत्तर तिला मिळालं नाही आणि तिनं ते स्वतःच्या मनानं भरून काढलंही नाही. पण बाकीच्या गोष्टींत कुणाचा तरी हात फिरला होता. समुद्रावर ती ज्याच्याशी भांडत होती तो गप्प होता, पण रिकामा बसला नव्हता.

आळीतल्या बायका आल्या, तिनं सगळ्यांना पाणी दिलं. दोरानं काढायचं, गरजेपुरतं न्यायचं, एवढंच सांगितलं. शैला मात्र धुमसत होती.

"बळवंतकाकांच्या घरी एक थेंब जाऊ देऊ नकोस आये. पिऊ दे खारं."

"तुला पानी कुनी दिलं?"

"तू. तू खनलंस."

"मी झोपले होते," चंद्रकांता म्हणाली.

एका टळटळीत दुपारी, वाटेवर कुणी नाही असं बघून दमयंती आली. पदर तोंडावर, कमरेवर रिकामा हंडा. बनाच्या कडेला उभी राहिली.

"चंद्रे, येऊ का?"

"या ना जाऊबाय." चंद्रकांतानं बादली सोडली. दोर हातातून सरकत असताना तिनं विचारलं, "त्या दिशी तुमी पडवीत काय तरी बोलनार होता. काय होतं?"

दमयंतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मागल्या दारानं ये म्हननार होते. भ्याले गं मी."

दोघींनी मिळून हंडा भरला. जाताना दमयंती हळूच म्हणाली, "ते पीत नायत हे पानी. हितलं हाय कळलं की भांडं बाजूला सारतात. खारा चहा घेतात आनि ओकतात. अंगात काय राह्यलं नाय त्यांच्या."

चंद्रकांता दुसऱ्या सकाळी कळशी घेऊन निघाली. विहिरीभोवतीचं कुंपण केव्हाच कुजून पडलं होतं. बळवंत पडवीत खाटेवर होता. चेहरा सुकलेला, दाढी वाढलेली. तिनं तांब्या भरून पुढे केला. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"घ्या भावजी."

"मी कुंपन घातलं होतं," तो भिंतीला म्हणाला.

"हो."

"तार अडवली."

"हो."

"मंग आता लोक म्हनतात, बळवंतनं अडवलं म्हनून गावाला पानी मिळालं. हसतात मला." तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तू पन तेच म्हननार? मी चांगलं केलं म्हनून?"

चंद्रकांता खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "नाय. तुमी वाईटच केलं. पोर घेऊन मी वाळूत बसले होते, भावजी. तुमी लई वाईट केलं." तिनं तांब्या पुन्हा पुढे केला. "चांगलं केलं ते दुसऱ्यानं. तुमच्या वाईटाचंच त्यानं चांगलं केलं. त्यात तुमचं काय नाय आनि माजं पन काय नाय. पानी घ्या."

बळवंतनं तांब्या घेतला. दोन घोट प्याला आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. दमयंती आतून धावत आली, तर चंद्रकांता खाटेच्या कडेला बसून त्याच्या हातातला तांब्या सांडू नये म्हणून खालून धरून होती.

तो बरा झाला, तशी सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन केवड्याच्या बनात येऊन बसायला लागला. आणि मग एका उन्हाळ्यात बोईसरकडून एक टँकरवाला आला. सोबत मोटर, लांबलचक पाइप. गावातली दोन-तीन माणसंही त्याच्या बाजूची झालेली. पाणी विकू, सगळ्यांचं भलं होईल, असं चाललं होतं. चंद्रकांताला नेहमीप्रमाणे शब्द सापडेनात. तेवढ्यात बळवंत उठला आणि विहिरीच्या वाटेवर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"मोटर नाय लागायची."

"बाबा, बाजूला व्हा."

"नाय म्हंजे नाय. मी मेल्यावर लावा."

टँकरवाल्यानं समजावलं, ओरडून पाहिलं, शेवटी शिव्या घातल्या. म्हातारा जागचा हलला नाही. आळीतल्या बायका एकेक करून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, सर्वांत पुढे दमयंती. शैलाही आली, काकाच्या शेजारी. शेवटी टँकर वाळूत चाकं रुतवत मागे गेला. चंद्रकांता हसत हसत खाली बसली. भागीनं विचारलं, काय झालं, तर तिला हसण्यामुळे बोलताच येईना.

त्याच वर्षी पावसाच्या आधी भागी आणि बुधा डोंगरावर जायला निघाली, तेव्हा चंद्रकांतानं मोगऱ्याच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांच्या डोक्यावर दिल्या. "तुमच्या मातीत लावून बघा," एवढंच म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात बुधा खाली आला तो एकटाच, आणि तेही चंद्रकांताला न्यायला.

पालघरहून जीपनं जावं लागलं. वाट चढत होती, समुद्राचा आवाज कधीच मागे राहिला होता. पाड्यावर भागीच्या घरामागे उतारावर मोगरा पांढरा झाला होता. शेजारच्या अंगणातही थोडा, आणि पलीकडे आणखी थोडा. भागीची भाची जिवली ओच्यात कळ्या वेचत होती. दर वर्षी कामासाठी खाली उतरणारं तिचं घर यंदा कळ्या विकून वरच राहिलं होतं.

"बाय, बस," भागी म्हणाली आणि नाचणीची भाकर, वालाचं कालवण पुढे ठेवलं. जिवली टोपलीत पळसाची पानं पसरून त्यावर कळ्या ओतत होती. टोपल्या पालघरला न्यायला थांबलेला जीपवाला खाली हॉर्न वाजवत होता.

"थांब म्हनावं त्याला," चंद्रकांता म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला.